१९९८चे हिंदी अल्बम : क्रम लावा, पण अट वाचून

साईड_बी
डिसेंबर लागला की 'यंदाचे आवडते अल्बम' अशा याद्या सगळीकडे उगवतात. मीही करायला बसलो, तर वर्षभरात पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकलेला एकही अल्बम निघेना. ऐकली ती सगळी सुटी गाणी, त्यातली निम्मी ॲपने आपल्या मनाने लावलेली. तेव्हा यंदाची यादी बाद. त्याऐवजी एक जुनं वर्ष काढू. १९९८.

हेच का? दिल से, सत्या, कुछ कुछ होता है, गुलाम, प्यार तो होना ही था, सोल्जर, करीब, चायना गेट, दुश्मन, डोली सजा के रखना, जख्म. हे सगळं एका वर्षात आलंय. कॅसेट घ्यायची तर घरात आधी अर्ज करावा लागायचा, त्यामुळे घेतलेली कॅसेट पैसे वसूल होईपर्यंत ऐकली जायची. नावडतं गाणंही पाठ व्हायचं, कारण फॉरवर्ड करून सेल कोण संपवणार?

अट एकच. क्रम अल्बमचा लावायचा, गाण्याचा नाही. कॅसेट उलटवल्यावर काय होतं ते बघायचं. ए बाजूवर दोन हुकमी गाणी टाकून बी बाजूवर सॅड व्हर्जन आणि रिमिक्स भरणाऱ्यांचे गुण कापले जातील. अल्बमची खरी किंमत त्याच्या सगळ्यात पडेल गाण्यावरून ठरते असं माझं मत आहे.

माझा क्रम : १. सत्या २. दिल से ३. गुलाम ४. जख्म ५. करीब.

कुछ कुछ होता है पाचात नाही. अंडी-टोमॅटो घेऊन या, मी छत्री घेऊन बसलोय.

मुठाकाठ
दिल से. बाकी चालू द्या.

ठाणे_स्लो
पाचातही नाही?? काका, तुम्ही १९९८ मध्ये नक्की कुठे होतात? आमच्या गॅदरिंगला 'कोई मिल गया'वर एकाच संध्याकाळी तीन ग्रुप नाचले. तिन्ही ग्रुपमध्ये एकीने केस कापून हेअरबँड लावलेला. परीक्षकांनी शेवटी कपड्यांवरून नंबर काढले.

आणि अल्बम म्हणूनच बघायचं ना, मग बघा. 'लडकी बडी अंजानी है', 'ये लडका है दीवाना', 'साजनजी घर आये', 'तुझे याद न मेरी आयी', शीर्षकगीत. यातलं एक तरी असं सांगा जे तुम्हाला मुखड्यापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत येत नाही. अलका याज्ञिकला शीर्षकगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, तो काय रस्त्यात सापडला?

साईड_बी
येतात की सगळी. पाढेही येतात. पाठ असणं वेगळं. एकूण आठ ट्रॅक, त्यातलं एक सॅड व्हर्जन, एक 'रघुपति राघव'. उरली सहा. त्या सहांत चाल, ताल, वाद्यं सगळं एकाच घरातलं. कॅसेट उलटवली तरी आपण त्याच खोलीत असतो.

ठाणे_स्लो
'तुझे याद न मेरी आयी'च्या सुरुवातीला मनप्रीत अख्तरची जी हाक येते ती कुठल्या खोलीतली आहे ते सांगा मग. त्या आवाजाला जतीन-ललितनी मध्येच कुठेतरी लपवलं नाही, सरळ दारात उभं केलंय. तुम्ही हे गाणं मिक्सरच्या आवाजात ऐकलं असणार.

वडाप_पुढची_सीट
आमच्याकडं कॅसेट कोन घेतंय राव. वडापच्या जिपात जे वाजंल ते आमचं संगीत. त्या साली दिवाळी झाल्यापासनं उन्हाळा लागूस्तोवर कराड-पाटण रोडला एकच कॅसेट, सोल्जर. मागं बारा मान्सं, पुढं ड्रायव्हर धरून पाच, टपावर कोथिंबिरीची पोती, आन् आत कुमार सानू. टेप एवढी घासल्याली की अलका याज्ञिकच्या कडव्याला आवाज हिरीत पडल्यागत यायचा. पुढं मोठेपनी हेडफोनवर चांगलं गानं ऐकलं तर काहीतरी कमी हाय आसंच वाटत ऱ्हायलं.

माजा क्रम : १. सोल्जर २. सोल्जरची दुसरी बाजू ३. गुलाम.

मुठाकाठ
या धाग्यावर आत्तापर्यंत अट फक्त वडापभाऊंनी पाळली आहे. :)

टेप_हेड
मी तेव्हा शिकता शिकता टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं काम करायचो, त्यामुळे या धाग्यावर बोलण्याचा मला कायदेशीर हक्क आहे असं समजतो.

ज्यांनी फक्त कॅसेटी वाजवल्या त्यांच्यासाठी : हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटने हेड पुसून झालं की तो स्क्रू केसभर इकडे किंवा तिकडे फिरवायचा. हेडचा कोन बदलतो आणि दबलेला आवाज एकदम खुलतो. हे कानावरच करायचं काम. त्यासाठी ओळखीची कॅसेट लागते, जिच्यात वरच्या पट्टीतले बारीक आवाज स्वच्छ हवेत. माझी त्या कामाची कॅसेट 'दिल से'. 'सतरंगी रे' लावायचं. सोनू निगम आणि कविता कृष्णमूर्तींचे आवाज आपापल्या जागेवर बसले, मागच्या घासल्यासारख्या बारीक तालाचे दाणे वेगवेगळे ऐकू आले, की मशीन गिऱ्हाइकाला द्यायचं. बाकी बऱ्याच कॅसेटींवर स्क्रू कितीही फिरवा, आवाज होता तेवढाच राहायचा.

हे काम एच. श्रीधर यांचं. रहमानचं बरंचसं ध्वनिमुद्रण त्यांच्या हातचं आणि 'दिल से'च्या ध्वनीसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. संगीतकाराचं नाव सगळ्यांना माहीत असतं. ज्याने ते आपल्या कानापर्यंत पोचवलं त्याचं नाव कव्हरवर शेवटच्या ओळीत, तेही भिंगातून वाचावं लागतं.

१. दिल से २. दिल सेनंतर बरीच मोकळी जागा ३. सत्या.

निगरगट्ट
आवाज स्वच्छ म्हणून अल्बम पहिला, तर शोरूमवाल्यांनाच परीक्षक नेमा.

सत्या पहिला का, ते कुणीतरी नीट लिहायला हवं, म्हणून लिहितो. १९९८ साली गुलजारांनी दोन अल्बम लिहिले, ज्यांचा एकमेकांशी बोलण्याचाही संबंध नाही. एकीकडे 'छैयां छैयां', ज्याच्या मुळाशी बुल्ले शाह आहे. दुसरीकडे 'गोली मार भेजे में', जे दारूच्या टेबलावर बसलेल्या शूटर लोकांच्या तोंडचं आहे. पहिलं लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ होते. दुसरं लिहिताना उर्दू शायराचा सदरा उतरवून ठेवावा लागतो, आणि तो उतरवल्यावरही गाणं सिनेमावाल्या टपोरीचं न वाटता खरंखुरं वाटायला हवं. ते वाटतं.

आणि सत्याचा संगीतकार विशाल भारद्वाज. माचिसला दोनच वर्षं झाली होती, नाव व्हायला लागलं होतं. सगळ्यांना वाटलं आता हा डोंगर-दऱ्यांतली हळवी गाणी करत बसणार. त्याने काय केलं? 'बादलों से' भूपिंदर सिंगना दिलं. 'गीला गीला पानी' लताबाईंना दिलं. 'सपने में मिलती है' आशाताई आणि सुरेश वाडकरांना, 'गोली मार' मनोला. लता, आशा, वाडकर, भूपिंदर, हरिहरन एकाच गँगवॉरच्या सिनेमात! कागदावर ही यादी वाचली तर कुणालाही दिवाळी पहाटेचा कार्यक्रम वाटेल. पण ऐकल्यावर एकही आवाज उपरा वाटत नाही. 'सपने में मिलती है' तर आमच्या आळीतल्या हळदीला वाजल्यासारखं आहे. वाडकर मूळचे कोल्हापूरचे, त्यांना ही ढोलकी कुणी शिकवायला नको.

शेवटचा मुद्दा. सत्याची गाणी काढून टाकली तरी सिनेमा उभा राहतो, आणि सिनेमा काढून टाकला तरी गाणी उभी राहतात. हे दोन्ही एकदम म्हणता येईल असे अल्बम त्या वर्षात मला तरी दुसरे दिसत नाहीत.

सातपाटी_लोकल
निगरगट्ट, +१. फक्त एक भर. सत्याच्या पार्श्वसंगीताची वेगळी कॅसेट निघाली होती. ते काम संदीप चौटाचं, फिल्मफेअरही त्यालाच मिळालं. लोक दोन्हीचं श्रेय एकालाच देऊन मोकळे होतात.

खमंग_काडी
एक काडी टाकून पळतो. गुलजार-गुलजार करताय, पण त्याच वर्षी आनंद बक्षींनी 'चिठ्ठी ना कोई संदेश' (दुश्मन) आणि 'गली में आज चाँद निकला' (जख्म) लिहिली. दोन्हीत एक शब्द असा नाही की जो आमच्या आजीला अडेल. गुलजारांची गाणी समजावून सांगायला चार लोक लागतात आणि बक्षींची ऐकताना रडायला एकटा माणूस पुरतो.

निगरगट्ट
'गोली मार भेजे में' समजावून सांगायला तुमच्याकडे चार लोक लागतात?

खमंग_काडी
आजीला सांगायला लागले होते. शेवटी कुणीच सांगितलं नाही.

पारिजात_
काडीभाऊंशी जख्मबद्दल शंभर टक्के सहमत. एम. एम. क्रीमचा हा अल्बम २५ डिसेंबरला आलेल्या सिनेमाचा, त्यामुळे वर्षाच्या याद्यांतून तेव्हाही निसटला आणि आताही निसटतो. 'गली में आज चाँद निकला' हे आनंदाचं गाणं आहे की दुःखाचं, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. आई मुलासमोर आनंदाने गाते आहे आणि ऐकणाऱ्याला मात्र आत कुठेतरी माहीत असतं की हा आनंद उसना आहे. चाल शेवटपर्यंत कुठलीच बाजू घेत नाही.

साईड_बी, तुमच्या यादीत जख्म चौथा आहे म्हणून कुछ कुछवाल्या गुन्ह्याची निम्मी शिक्षा माफ.

शिवोलीकार
काय पात्रांव, गोव्याला विसरलात? 'प्यार तो होना ही था'चं शीर्षकगीत आमच्या रेमो फर्नांडिसचं. जसपिंदर नरुलाला त्या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं, चांगली गोष्ट, पण तिच्यासमोर रेमो तो खरखरीत, निवांत आवाज लावून उभा आहे म्हणून तिचा आवाज असा उसळलेला वाटतो. जतीन-ललितनी तिथे नेहमीचा गोड गायक घेतला असता तर गाणं साधंच राहिलं असतं. रेमो गाताना घाईत नसतो. शिवोलीत कुणीच घाईत नसतो.

त्याच अल्बमात 'अजनबी मुझको इतना बता' पण आहे, आशाताई आणि उदित. अल्बम म्हणून कुछ कुछपेक्षा हा वर.

ठाणे_स्लो
शिवोलीकार, तुमचं म्हणणं पटो न पटो, पण बघा, शेवटी फिरून आपण जतीन-ललितवरच आलो. कुछ कुछ, प्यार तो होना ही था, गुलाम, जब प्यार किसी से होता है, आणि 'प्यार किया तो डरना क्या'तली 'ओ ओ जाने जाना'सकट काही गाणी. एका वर्षात पाच! रहमान आणि विशालला एकेका अल्बमवर डोक्यावर घेताय, आणि अख्खा देश ज्यांच्या गाण्यांवर वर्षभर नाचला त्यांची तुम्हाला कॅसेट उलटवून परीक्षा घ्यायचीय. वर्षाचा संगीतकार असा क्रम लावला असता तर तुमचा धागा दोन मिनिटांत संपला असता.

साईड_बी
म्हणूनच तसा लावला नाही.

कोथरूडचा_कट्टा
गुलामबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून. 'आती क्या खंडाला' गणपतीत ऐकून ऐकून कान किटले होते, मान्य. पण ती एक हिट बाजूला ठेवून उरलेली कॅसेट ऐका. 'आँखों से तूने ये क्या कह दिया' आणि 'जादू है तेरा ही जादू'. साईड_बींची कसोटी लावायची तर गुलाम पहिल्या दोनात यायला हवा. गंमत अशी की जे गाणं गाजलं ते गाणं म्हणून कच्चंच आहे. आमिर खान गात नाही, बोलतोय. नितीन रायकवारने लिहिलंयही तसंच, नाक्यावर उभं राहून मारलेल्या गप्पांसारखं. सगळा अल्बम नीटनेटका आणि लोकांनी उचललं ते हे!

(अवांतर : त्या वर्षी पावसाळ्यात खंडाळ्याला गेलेल्या प्रत्येक टोळक्यातला एक जण कड्यावर उभा राहून रुमाल फिरवत होता. मी तो नव्हतो. मी फोटो काढत होतो.)

नवीनच_आलोय
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. ताल कसा काय कुणाच्या यादीत नाही?

मुठाकाठ
कारण तो १९९९चा. पण स्वागत आहे, बसा, चहा घ्या.

फौजदार_चाळ
मग मी हु तू तू लिहितो. कॅसेट सिनेमाच्या आधी यायची, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. विशाल-गुलजारच. 'छई छप्पा छई' मी तरी १९९८ मध्येच ऐकत होतो. माझा क्रम : १. हु तू तू २. सत्या ३. दिल से.

निगरगट्ट
सिनेमा जानेवारी १९९९ मध्ये लागला. बाद.

फौजदार_चाळ
धागा अल्बमचा आहे की सिनेमाचा? अटीत लिहिलंय 'क्रम अल्बमचा'. अल्बम दुकानात कधी आला ते धरा.

निगरगट्ट
मग डिसेंबरात आलेल्या जख्मच्या कॅसेटचं काय करायचं, पाव गुण इकडे पाऊण गुण तिकडे?

सदाशिव_पेठ_३०
दोघेही थांबा, वर्षाच्या या भानगडीत एक मजेशीर गोष्ट राहून जाते आहे. राष्ट्रीय पुरस्कार सेन्सॉर सर्टिफिकेटच्या वर्षाप्रमाणे असतात. त्यामुळे १९९८च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट संगीताचा पुरस्कार विशाल भारद्वाजला मिळाला खरा, पण सत्यासाठी नाही, 'गॉडमदर'साठी. तो सिनेमा लोकांनी पाहिला १९९९ मध्ये. गीतकाराचा पुरस्कारही गॉडमदरलाच, जावेद अख्तरांना. आणि गायकाचा? आपल्या पुण्याच्या संजीव अभ्यंकरांना, गॉडमदरमधल्याच गाण्यासाठी!

आता नातीगोती बघा. संजीव अभ्यंकर पंडित जसराजांचे शिष्य. जतीन-ललित जसराजांचे पुतणे. म्हणजे गायकाचा राष्ट्रीय पुरस्कार गुरुजींच्या शिष्याला आणि गायिकेचा पुरस्कार पुतण्यांच्या गाण्याला. फिल्मफेअर मात्र रहमान, गुलजार आणि सुखविंदर सिंग, तिन्ही 'दिल से'च्या वाट्याला. एकाच वर्षाचा निकाल दोन परीक्षकांनी दोन टोकांना लावला. तेव्हा इथे भांडण मिटेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

साईड_बी
सदाशिव पेठ, हे भारी आहे, धन्यवाद. निर्णय : सिनेमा लागला ते वर्ष. हु तू तू आणि गॉडमदर १९९९ मध्ये. फौजदारांचा निषेध नोंदवून घेतला आहे.

सॅन_होजेचा_सदू
मला वाटलं जगातले अल्बम. मी आपली यादी तयार ठेवली होती : मॅसिव्ह अटॅकचा मेझनीन, लॉरिन हिलचा मिसएज्युकेशन, एअरचा मून सफारी, मडोनाचा रे ऑफ लाइट.

वडाप_पुढची_सीट
सदूभाऊ, यातलं जिपात काय चालंल?

सॅन_होजेचा_सदू
मडोना चालेल. त्या अल्बमात तिने संस्कृतमध्ये एक गाणं म्हटलंय, 'शांती/अष्टांगी'. तुमच्या प्रवाशांना वाटेल सकाळची आरती लावलीय.

सदाशिव_पेठ_३०
उच्चार कसे आहेत?

सॅन_होजेचा_सदू
पेठेतून हाच प्रश्न येणार हे माहीत होतं. ऐका आणि तुम्हीच ठरवा, मी मध्ये पडत नाही.

गुळपोळी
चित्रपटांच्या बाहेरचं चालेल का? अटीत 'हिंदी अल्बम' आहे, 'चित्रपट' नाही. त्या वर्षी शंकर महादेवनचं ब्रेथलेस आलं, लकी अलीचं सिफर, सिल्क रूटचं बूँदें, फाल्गुनी पाठकचं याद पिया की आने लगी. टीव्हीवर तर दिवसभर हेच असायचं. आमच्या घरात बाबा 'ब्रेथलेस' लागलं की घड्याळ लावून श्वास रोखून बसायचे. आई म्हणायची, गाणाऱ्याने श्वास घेतला तरी चालेल, पण तुम्ही घ्या.

साईड_बी
चालेल. पण कसोटीही लागेल. 'ब्रेथलेस' या कॅसेटमधलं दुसरं कुठलंही गाणं सांगा.

(गूगल न करता.)

गुळपोळी
...

कोथरूडचा_कट्टा
...

साईड_बी
बघा. जावेद अख्तरांसारखा लिहिणारा, शंकरसारखा गाणारा, आणि कॅसेट उलटवल्यावर काय ते कुणालाच आठवत नाही. उलट लकी अलीचं सिफर सलग ऐकलं जातं. 'देखा है ऐसे भी' संपलं तरी आपण उठत नाही. माझ्या यादीत सिफर सहावा.

चिंचोटी_धबधबा
जिया जलेबद्दल कुणी लिहिलंच नाही? लताबाईंनी रहमानकडे गायलेलं पहिलं गाणं ते. मध्ये एम. जी. श्रीकुमार आणि कोरसचा मल्याळम भाग येतो तिथे आमच्या चाळीतला प्रत्येक जण आपापले शब्द घालायचा. समोरच्या खोलीत केरळच्या एक ताई राहायच्या, नर्स होत्या. एकदा आम्ही पोरी जिन्यात बसून मोठमोठ्याने ते म्हणत होतो. त्या नाईट ड्यूटीवरून आलेल्या, हातात डबा. जिन्यातच थांबल्या, आमचं पूर्ण ऐकून घेतलं, मग डबा कठड्यावर ठेवून एकेक शब्द तोडून तोडून म्हणून दाखवला. जीभ कुठे लावायची तेसुद्धा. मला तो तुकडा आजही त्यांच्याच उच्चारात येतो, हिंदी भाग अर्धा विसरले.

म्हणून १. दिल से. माझी कसोटी जिन्याची आहे.

टेप_हेड
ताई, प्रतिसाद फार आवडला.

डोली सजा के रखनाचं नाव वर आलंय पण लिहिलं कुणीच नाही. रहमानचाच, त्याच वर्षीचा, महबूबची गाणी. 'किस्सा हम लिखेंगे' ऐका. सिनेमा आपटला आणि गाणीही त्याच्याबरोबर गेली. दिल सेसुद्धा आपल्याकडे फारसा चालला नव्हता, इंग्लंडात मात्र पहिल्या दहांत गेला. पण रेल्वेच्या टपावरचं ते निलगिरीतलं गाणं होतं म्हणून अल्बम तरला. डोलीला टप मिळाला नाही.

मॉडरेटर_३
चायना गेट आणि इतर अल्बमांच्या संदर्भात 'ही चाल मुळात कुणाची' या विषयावरचे प्रतिसाद हलवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे, बारा पानं झालीत, तिकडे जा. इथे क्रम लावा.

पारिजात_
मग अनु मलिकच्या चांगल्या बाजूचं लिहिते. करीब. राहत इंदौरींचे शब्द, 'चोरी चोरी जब नजरें मिलीं'मध्ये कुमार सानूबरोबर आपली संजीवनी भेलांडे. सारेगमची विजेती. ती गाते तेव्हा पंचविशीतली सराईत गायिका वाटत नाही, खरोखर पहिल्यांदाच कुणाकडे चोरून बघणारी मुलगी वाटते. विधू विनोद चोप्राच्या सिनेमात संगीत कधी वाया जात नाही. ज्या वर्षी सोल्जर आणि चायना गेट आले त्याच वर्षी त्याच अनु मलिकने हे केलं यावर विश्वास बसत नाही.

वडाप_पुढची_सीट
सोल्जरला काय झालं आता?

पारिजात_
काही नाही भाऊ. सोल्जरची जागा जिपात पक्की आहे.

मुठाकाठ
आकडेमोड कोण करणार? मी ढोबळ पाहिलं तर दिल से पुढे आहे. साईड_बी, निकाल लावा आणि मान्य करा.

साईड_बी
दिल से पुढे आहे, दिसतंय मला. लोकशाही आहे. पण अट मी घातली होती, तेव्हा ती मीच लावून बघतो.

दिल सेच्या कॅसेटवर सहा ट्रॅक. 'छैयां छैयां', 'जिया जले', 'दिल से रे', 'ऐ अजनबी', 'सतरंगी रे', यातल्या कशालाही हात लावायची माझी हिंमत नाही. 'ऐ अजनबी'मध्ये उदितच्या मागून महालक्ष्मी अय्यर जे चार-दोन शब्द म्हणून जाते तेवढ्यासाठी मी कॅसेट मागे घेत असे, सेल गेले खड्ड्यात. पण सहावा ट्रॅक काय? 'थय्या थय्या'. छैयां छैयांचंच वेगळं रूप. पाच गाण्यांचा अल्बम आणि वर एक जोड. पडेल गाण्याची कसोटी लावली की इथे गुण जातात.

सत्यात सगळ्यात पडेल कुठलं? मला विचाराल तर 'तू मेरे पास भी है'. लता-हरिहरन. आणि ज्या अल्बममधलं पडेल गाणं ते आहे, तो पहिला.

सातपाटी_लोकल
'तू मेरे पास भी है' पडेल?? माझ्यासाठी त्या कॅसेटमधलं सगळ्यात वरचं गाणं ते. 'गोली मार' पडेल म्हणा एक वेळ.

निगरगट्ट
'गोली मार' पडेल म्हणणाऱ्याने प्रतिसाद परत वाचावा आणि मग पाठवावा.

टेप_हेड
'थय्या थय्या'चे गुण कापणं साफ अमान्य. कॅसेटवर जागा उरली, म्हणून त्यांनी वरकड दिलं. दूधवाला मापावर थोडं ओततो तेव्हा तुम्ही दूध परत करता का?

साईड_बी
ते 'थोडं' जर मघाच्याच भांड्यातलं असेल, तर आभार मानतो, हिशेबात धरत नाही.

मुठाकाठ
या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. दिल से पहिला, सगळ्यांना माहीत आहे, धागाकर्ता सोडून.

सदाशिव_पेठ_३०
एक गोष्ट दोन्ही बाजूंना सांगतो, मग हवं तर परत भांडा. दिल सेच्या निर्मात्यांमध्ये मणिरत्नम आणि शेखर कपूरबरोबर राम गोपाल वर्माही होता. सत्या तर त्याचाच. जुलैत एक, ऑगस्टात दुसरा. पहिला नंबर कुणालाही द्या, बिल एकाच घरी जातं. आणि गीतकाराचं मानधनसुद्धा.

ठाणे_स्लो
म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून दोन पानं एकाच घरातल्या दोन भावांवर भांडलात, आणि माझा कुछ कुछ सहाव्या नंबरावरही नाही. तिथे लकी अली बसलाय! माझी अंतिम यादी, कुणीही उत्तर देऊ नये : १. कुछ कुछ होता है २. प्यार तो होना ही था ३. दिल से ४. गुलाम ५. सोल्जर (वडापभाऊंसाठी).

वडाप_पुढची_सीट
ताई, कधी कराडला आलात तर पुढची सीट तुमची.

फौजदार_चाळ
पुढच्या आठवड्यात १९९९चा धागा मी काढतोय. अट मी घालणार. हु तू तू पहिला धरलेला आहे, ताल, हम दिल दे चुके सनमवाल्यांनी दुसऱ्या नंबरापासून सुरुवात करावी.

नवीनच_आलोय
ताल! आता तरी?